मोत्याचे डोळे पिवळे दिसताहेत?

मित्रांनो, माणसांसारखी कुत्र्यांनाही कावीळ होते बरं का! पण अंगभर केस, मग ती दिसणार कुठे? डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, कानाच्या आतल्या बाजूला आणि हिरड्यांवर. हिरडीवर बोटानं हलकेच दाबून सोडलं की ती जागा क्षणभर पांढरी पडते. तिथे पिवळी झाक दिसली तर ते लक्षण चांगलं नाही. (हे दिवसाउजेडी बघा हं, दिव्याखाली सगळंच पिवळं दिसतं! आणि कुत्रा चिडलेला असेल तर मोठ्यांनाच बघू द्या.) लघवीही गडद, कोऱ्या चहासारखी होते.

रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी फुटल्या की बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकतं. यकृत बिघडलं, पित्ताची वाट अडली किंवा पेशी भराभर फुटू लागल्या की ते अंगात साठतं. गोचिडांमुळे होणाऱ्या बॅबेसियाच्या तापात पेशीच फुटतात. म्हणजे कावीळ ही आतल्या रोगाची खूण आहे. नुसता उसाचा रस पाजून काय होणार?

पावसाळ्यात उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो आजारी कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो! त्यामुळे लघवी तुम्ही पुसू नका, मोठ्यांनी हातमोजे घालून पुसावी. यावर कुत्र्यांसाठी लस आहे.

पिवळेपणा दिसला की त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जायचं. उलट्या होत असतील, उभं राहवत नसेल तर तासभरही थांबू नका. घरातली पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका, तिनं यकृत आणखी बिघडतं. गोचीड दिसली होती का, साचलेलं पाणी प्यायला का, जेवण कधी सोडलं, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर तेच आधी विचारतील.