घशाचा सर्जन, नटसम्राटाचा आवाज

सातारा-सांगलीने रंगभूमीला काय दिलं, हा हिशेब सांगलीत 1843 साली झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'पासून मांडतात. त्यात डॉ. श्रीराम लागूंचं नाव क्वचितच येतं, कारण ते पुण्याचेच वाटतात. जन्म मात्र साताऱ्याचा, 16 नोव्हेंबर 1927. भावे हायस्कूल, फर्ग्युसन आणि बी. जे. मेडिकल हे पुढचं सगळं पुण्यात.

ते कान-नाक-घशाचे सर्जन. कॅनडा आणि इंग्लंडमध्ये पुढचं प्रशिक्षण, टांझानियातल्या टबोरा इथे प्रॅक्टिस. पुण्यात असले की भालबा केळकरांच्या पीडीए या नाट्यसंस्थेत नाटक. 1969 साली, बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी वैद्यकी सोडली. पहिलं व्यावसायिक नाटक 'इथे ओशाळला मृत्यू'. नाटककार वसंत कानेटकर, तेही सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे.

पुढच्याच वर्षी त्यांनी तेंडुलकरांचं 'गिधाडे' बसवलं. गरोदर बाईच्या लुगड्यावरचा लाल डाग सेन्सॉरला खुपला. मग डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं, की तो लालच समजावा. सेन्सॉरचा हुकूम पाळून त्याची इतकी फजिती क्वचितच कुणी केली असेल.

23 डिसेंबर 1970 रोजी मुंबईत बिर्ला मातोश्री सभागृहात 'नटसम्राट' उभं राहिलं. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, आकाशवाणीत मुरलेला माणूस. कानाने नाटक ऐकणारा. नायक बेलवलकर म्हणून लागूंनी म्हटलेली स्वगतं डोळे मिटूनही पूर्ण पोचतात, यात मला त्या कानाचा वाटा दिसतो. सातारा-सांगलीकडेही नाटक कानानेच भेटायचं. सांगली आकाशवाणी 1963 साली सुरू झाली. कोयनानगरसारख्या धरणवसाहतीत शहरी नाटक पोचायचं ते बहुधा रेडिओवरूनच, त्यामुळे नट आधी कानाने पारखायचा ही सवय इकडे जुनी. डॉक्टर त्या कसोटीला उतरतात. घसा आतून पाहिलेला हा नट आवाज दागिन्यासारखा मिरवत नाही. वाक्याचा अर्थ संपला की सूरही सोडून देतो. तरीही त्या भूमिकेचा ताण प्रकृतीला झेपला नाही. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी यांनी बेलवलकर केले.

'नटसम्राट'मागे शेक्सपिअरचा लिअर आहे. ॲटनबरोच्या 'गांधी' चित्रपटात (1982) लागू गोखले झाले आणि ब्रिटिश नट जॉन गिलगुड लॉर्ड आयर्विन. याच गिलगुडनी 1994 साली, नव्वदीत, बीबीसी रेडिओवर लिअर केला. रंगमंचावर उभं राहण्याची ताकद उरली नाही तरी ब्रिटिश नटाला रेडिओ असा हात देतो. आपल्याकडे म्हाताऱ्या नटासाठी असं काही होत नाही, आणि हे मला फार खटकतं.

माझ्या मते लागूंचं सर्वांत चांगलं काम बेलवलकर नव्हे. 'हिमालयाची सावली'तला (1972) भानू त्याहून सरस. हे नाटकही कानेटकरांचंच. महर्षी कर्व्यांवर बेतलेला हा माणूस गर्जत नाही, आणि न गर्जणं लागूंना अधिक शोभायचं.

साताऱ्याशी त्यांची खरी गाठ पडली ती नंतर, तिथल्याच डॉ. नरेंद्र दाभोलकरांमुळे. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागू, निळू फुले, तनुजा अशा मंडळींनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. त्या पैशातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागलं. देवाला आता निवृत्त करा, म्हणणारे लागू आणि अंधश्रद्धेशी लढणारे दाभोलकर गावोगाव जाहीर वाद-संवादही करत. 2013 साली दाभोलकरांचा खून झाला. डॉक्टर 17 डिसेंबर 2019 रोजी पुण्यात गेले.

त्यांचं आत्मचरित्र 'लमाण' हाती आलं तर 'नटसम्राट'ची पानं आधी शोधू नका. वैद्यकीच्या दिवसांपासून वाचत या.