मालवाहू विमानांची कथा, लेखांक ६ : हर्क्युलिसचं शेपूट

मागच्या लेखांकात आपण बेगमपेटच्या धावपट्टीवरच्या डेक्कन एअरवेजच्या डाकोटा पाहिल्या. निजाम सरकार आणि टाटा यांनी मिळून काढलेल्या त्या कंपनीची सगळी मदार याच विमानावर होती. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला फौज पोहोचवली तीही डाकोटांनीच. पण डाकोटा मूळची प्रवाशांसाठी बांधलेली. तिचं एक चाक शेपटाखाली असल्यामुळे जमिनीवर उभी असताना आतली फरशी उताराची होई, आणि दार बाजूला, जमिनीपासून उंच. जीप चढवायची तर घसरणीच्या फळ्या लावायच्या, दारातून आत घ्यायची आणि आतल्या आत वळवायची. शत्रूचा मारा सुरू असेल तेव्हा हा खटाटोप फार महागात पडे.

कोरियाच्या युद्धात अमेरिकेला हीच अडचण नडली. १९५१ मध्ये तिच्या हवाई दलाने नव्या विमानासाठी मागण्या मांडल्या. फरशी सपाट आणि ट्रकच्या उंचीला हवी, दार मागे आणि पूर्ण रुंदीचं हवं, आणि कच्च्या, आखूड धावपट्टीवर उतरता आलं पाहिजे. लॉकहीडच्या विलिस हॉकिन्स यांच्या गटाने जे चित्र काढलं ते ठेंगणं आणि पोटाळ होतं. त्याच कंपनीचे नावाजलेले अभियंते केली जॉन्सन यांना ते इतकं नापसंत होतं, की हा प्रस्ताव कंपनीला बुडवील असा इशारा त्यांनी दिला. २३ ऑगस्ट १९५४ रोजी ते विमान कॅलिफोर्नियातल्या बरबँकहून उडालं. तेच सी-१३० हर्क्युलिस. आजवर अडीच हजारांहून जास्त बनली आणि अजूनही बनत आहेत.

त्याचा मालकक्ष साधारण अमेरिकन रेल्वेच्या बंद डब्याएवढा होता : लांबी १२ मीटर, रुंदी ३ मीटरच्या थोडी वर, उंची पावणेतीन मीटर. दक्षिण मध्य रेल्वेचं मुख्यालय असलेल्या सिकंदराबादेत राहणाऱ्याला या डब्याचं मोल वेगळं सांगायला नको.

आता शेपटाकडे या, कारण आपल्या हैदराबादचा संबंध तिथे आहे. मागून ट्रक आत न्यायचा तर विमानाचं पोट मागच्या बाजूला वर उचललेलं हवं. तिथेच रॅम्प खाली उघडतो, आणि शेपूट त्याच्या वर, वाटेबाहेर राहतं. पण ते एवढं मोठं का? विमानाची एकूण उंची ११.८ मीटर, म्हणजे जवळजवळ चार मजले, आणि ती सगळी उभ्या पंखाच्या टोकापर्यंत मोजलेली. आखूड धावपट्टीवर उतरायचं तर वेग कमी ठेवावा लागतो. वेग निम्मा झाला, की शेपटावर काम करणारा हवेचा जोर एक चतुर्थांशच उरतो. अशा वेळी चारांपैकी कडेचं एक इंजिन बंद पडलं, तर दुसऱ्या बाजूची दोन इंजिनं विमानाला फिरवू पाहतात. त्याला सरळ धरणारी गोष्ट एकच : उभा पंख आणि त्यावरचं सुकाणू. वेग कमी म्हणून क्षेत्रफळ जास्त.

हे शेपूट हैदराबादच्या आग्नेयेला, रंगारेड्डी जिल्ह्यातल्या आदिबटला इथे बनतं. टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्स आणि लॉकहीड मार्टिन यांची तिथे भागीदारीतली कंपनी आहे. उभा आणि आडवा पंख मिळून होणारी अशी दोनशेवर शेपटं तिथून समुद्रापार गेली आहेत. जगात कुठल्याही देशासाठी नवं सी-१३० जे बांधलं जातं, त्याचं शेपूट इथलंच असतं आणि जोडणी जॉर्जियातल्या मॅरिएटा इथे होते. हजारो रिव्हेट, प्रत्येक भोक ठरल्या जागी आणि ठरल्या मापाचं. हे काम करणाऱ्या हातांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

बाहेरून पाहिलं तर १९५४ चं विमान आणि आजचं विमान भाऊ-भाऊ दिसतात. फरक अक्षरांत आहे. 'ए'ला तीन पात्यांचे प्रोपेलर होते, 'बी'ला चार पात्यांचे. 'ई' लांब पल्ल्याचं, आणि 'एच' दीर्घकाळ जगभर विकलं गेलेलं. मागे ही अक्षरं आणि पुढे कामाची : इंधन पुरवणारं केसी, वादळात शिरून मोजमाप करणारं डब्ल्यूसी, बर्फावर घसरपट्ट्यांनी उतरणारं एलसी, तोफा लावलेलं एसी.

खरा पालट झाला तो ५ एप्रिल १९९६ रोजी प्रथम उडालेल्या 'जे'मध्ये. रोल्स-रॉइसची नवी टर्बोप्रॉप इंजिनं आली, प्रत्येकी साडेचार हजार अश्वशक्तीच्या वरची, आणि सहा पात्यांचे प्रोपेलर. त्याहून मोठा बदल कॉकपिटात झाला. फ्लाइट इंजिनिअर आणि नॅव्हिगेटर यांची कामं संगणकांकडे गेली. आता दोन वैमानिक आणि एक लोडमास्टर एवढ्यांवर विमान उडू शकतं. आमच्या बेगमपेटच्या हवाई दल तळाने वर्षानुवर्षं नॅव्हिगेटर घडवले, त्यामुळे हा बदल इथल्या मंडळींना जरा जास्त जाणवतो.

भारताने घेतलं ते 'जे-३०', म्हणजे ४.६ मीटर लांबवलेलं. लांबवण्याची कल्पना नागरी मालवाहतुकीच्या एल-१०० मधून आली. अनुभव असा होता, की वजनाची मर्यादा गाठण्याआधीच जागा संपते. लांबी वाढल्यावर सहाऐवजी आठ पॅलेट मावली, चौसष्टऐवजी ब्याण्णव छत्रीधारी सैनिक. २०११ पासून ही विमानं हिंडनच्या हवाई दल तळावर आली. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांतलं एक लडाखमध्ये दौलत बेग ओल्डी इथे, १६,६१४ फुटांवर उतरलं. तिथे हवा इतकी विरळ, की इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात; 'जे'चं इंजिन आणि प्रोपेलर तिथे उपयोगी पडले. १९६२ च्या युद्धाच्या सुमारास लेहकडे आपले जवान नेणारी सी-१३० अमेरिकेची होती, ही आठवण ठेवूनच २०१३ ची घटना वाचावी. पुढच्याच वर्षी, २८ मार्च २०१४ रोजी, ग्वाल्हेरजवळच्या अपघातात आपण एक विमान आणि पाच जण गमावले.

लांबवण्याचं दुसरं उदाहरणही हैदराबादशी जोडलेलं आहे. सी-२९५ म्हणजे स्पेन आणि इंडोनेशियाच्या सीएन-२३५ चं लांबवलेलं रूप. सप्टेंबर २०२१ च्या करारानुसार भारत अशी ५६ विमानं घेत आहे; त्यांतली ४० वडोदऱ्यात जुळवायची आणि त्यांचे मोठे भाग हैदराबादेत बांधायचे. पहिलं विमान सप्टेंबर २०२३ मध्ये सेव्हिल इथे स्वीकारलं ते तेव्हाचे हवाई दलप्रमुख विवेक राम चौधरी यांनी. ते नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे, म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानाच्याच मराठवाड्यातले.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शेपूट बांधणं आणि शेपूट केवढं असावं हे ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं आपल्याला उत्तम येतं. दुसरं अजून मॅरिएटा आणि सेव्हिलमध्ये होतं. रशियाबरोबर मध्यम मालवाहू विमान घडवण्याचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा प्रकल्प मध्येच बारगळला. आता हवाई दल पुन्हा मध्यम मालवाहू विमानांच्या शोधात आहे आणि सी-१३०जे त्यातला एक उमेदवार आहे. विमान कुठलंही निवडा, पण त्याचं पुढचं रूप आखण्याचा अधिकार भारतीय अभियंत्यांना मिळेल, अशी अट करारात असलीच पाहिजे. हर्क्युलिससारख्या विमान-प्रकाराचं आयुष्य सत्तर वर्षांचं असतं आणि त्यातली बहुतेक वर्षं सुधारणांचीच असतात.

पुढच्या लेखांकात : भारताच्या उष्ण आणि उंच तळांसाठी मुद्दाम घडवलेलं एएन-३२.