'बेल-मॅर' : सासू की सावत्र आई?

फ्रेंच नातेवाचक शब्दांचा विचार करताना मराठी अभ्यासकाचे लक्ष प्रथम 'ऑंक्ल' आणि 'तांत' ह्या शब्दांकडे जाते. काका आणि मामा दोघेही 'ऑंक्ल'. आत्या, मावशी, काकू, मामी ह्या साऱ्या 'तांत'. लॅटिनमध्ये काका, मामा, आत्या व मावशी ह्यांना स्वतंत्र शब्द होते. त्यांपैकी मामाचा 'आवुंकुलुस' आणि आत्याचा 'आमिता' हे दोनच फ्रेंचमध्ये रूपांतरित होऊन टिकले व पितृकुल-मातृकुल हा भेद मावळला. तथापि ही अडचण वंशावळ तपासली की बहुधा सुटते. 'बेल-मॅर'ची अडचण तशी सुटत नाही.

शब्दशः 'सुंदर आई' असलेला हा शब्द सासू आणि सावत्र आई ह्या दोन्ही नात्यांना लागतो. सावत्र आईसाठी जुना शब्द 'मारात्र' असा होता. त्याला दुष्टपणाचा वास चिकटला आणि आज तो निंदावाचक म्हणूनच उरला आहे. 'बो', 'बेल' ही मध्ययुगीन फ्रेंचमधील आदरार्थी संबोधनाची विशेषणे त्याच्या जागी आली. म्हणजे येथे सौंदर्याचा संबंध नाही, सौजन्याचा आहे. मराठीत हे सौजन्य नाही. 'सापत्न' ह्या शब्दाच्या मुळाशी 'सपत्नी', म्हणजे सवत, आहे आणि 'सापत्नभाव' तर पक्षपाताचाच पर्याय झाला आहे.

मोलिएरच्या 'तार्त्युफ' (१६६९ मध्ये खुल्या प्रयोगास परवानगी) ह्या नाटकात दोन्ही नाती एकाच घरात आहेत. मादाम पेर्नेल ही एल्मीरची सासू; एल्मीर ही दामिस व मारियान ह्यांची सावत्र आई. एल्मीर सासूला 'माझी आई' असेच संबोधते. मराठी सूनही सासूला 'आई' म्हणते, त्यामुळे तेथे अनुवादकाला काहीच करावे लागत नाही. पेच पुढे आहे. तिसऱ्या अंकाच्या आरंभी संतापलेल्या दामिसला दासी दोरीन सांगते, की हे प्रकरण आपल्या 'बेल-मॅर'वर सोपवावे. तिच्या बोलण्यात विश्वास आहे. तेथे 'सावत्र आई' हा अचूक प्रतिशब्द योजला, तर नात्याचा अर्थ राहतो, पण विश्वासाच्या जागी संशय येतो. दासीच्या तोंडी 'आईसाहेब' हाच शब्द शोभेल. नात्यातील सावत्रपणा मग कळावा कसा? पहिल्याच प्रवेशात पेर्नेल ह्या मुलांच्या दिवंगत आईची आठवण काढून एल्मीरला टोमणा मारते. प्रयोग आटोपशीर करताना हा टोमणा गाळला, तर मराठी प्रेक्षक एल्मीरला मुलांची सख्खी आई समजेल.