गिरगावच्या मैफलींनी गाणं कसं बदललं?

घराण्याची चीज बाहेर जाऊ द्यायची नाही, असा एकेकाळी अनेक गवयांचा दंडक होता. मग ही कोंडी फुटली कशी?

पलुस्करांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये मुंबईत संगीत विद्यालय काढलं. गिरगावला लागून, ऑपेरा हाऊसजवळच्या या शाळेत निरनिराळ्या घराण्यांचे गवई गात. विद्यार्थी समोर बसून ऐकत.

फायदा काय झाला?

इथेच घडलेल्या कुमार गंधर्वांनी पुढे देवासला माळव्याच्या लोकधुनांतून नवे राग घडवले. चौफेर ऐकलेलं असलं, की प्रयोगाला बळ येतं.

बोईसरकरांनी कुठे जावं?

चर्नी रोड स्टेशनजवळ. १९९३ मध्ये बंद पडलेलं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. शेवटच्या गाडीची वेळ मात्र आधी पाहून ठेवा.