काकांची मजुरी

बहुतेक हाउसिंग सोसायट्यांत एक तरी निवृत्त फिटर किंवा वायरमन काका असतात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये नाहीतर कुठल्या कारखान्यात त्यांची हयात गेलेली असते. नळ गळला, पंखा अडला की त्यांच्याच दाराची बेल वाजते. काम होतं, चहा होतो, आणि पैशांचा विषय ‘घरचंच आहे’ म्हणत दोन्हीकडून मिटवला जातो. तो असा मिटू देऊ नये. बाहेरच्या मिस्त्रीला दिली असती तेवढीच मजुरी काकांनाही द्यावी, आणि ती कामाला हात लावण्याआधी बोलून ठरवावी.

ही मजुरी कशाची, ते काम नीट पाहिल्यावर कळतं. पंखा नुसताच गुणगुणतो, फिरत नाही. काका आधी बटण बंद करून पाती हाताने फिरवून बघतात. सहज फिरली तर बेअरिंग जाम नाही, म्हणजे संशय कपॅसिटरवर. मग एमसीबी खाली, टेस्टर लावून खात्री, जुन्या कपॅसिटरवरचा आकडा वाचणं (घरगुती पंख्यात बहुधा २.५ मायक्रोफॅरॅड) आणि तोच आणायला दुकानापर्यंत फेरी. वायरी जोडायला जेमतेम दहा मिनिटं लागतात, आणि घरच्यांच्या लक्षात तेवढीच राहतात. मोटर जळली असं समजून रिवाइंडिंगला टाकण्याचा खर्च मात्र त्याआधीच्या परीक्षेने वाचवलेला असतो. नळाचंही तसंच. वायसर बदलूनही थेंब थांबत नसेल, तर वायसर जिथे टेकतो ती आतली बैठक झिजलेली असू शकते. हे ओळखायला वर्षं लागतात.

‘त्यांना पेन्शन आहे की!’ असं कुणी म्हणेल. कारखान्यांतल्या आणि एसटीतल्या कामगारांची पेन्शन भविष्य निर्वाह निधीच्या १९९५च्या योजनेतली. तिची किमान रक्कम २०१४ मध्ये ठरली ती महिना १,००० रुपये. आणि एखाद्याला भरघोस मिळत असली, तरी ती जुन्या नोकरीची. आजच्या पंख्याचा तिच्याशी काय संबंध?

पैसे आले की शेजारधर्म संपतो, हा आक्षेप जास्त मनापासूनचा असतो. पण फुकटच्या कामात खरी अडचण काकांची होते. गुडघा दुखत असला तरी त्यांना नाही म्हणता येत नाही, कारण नकार दिला तर माणूस तुटल्यासारखं वाटतं. दर ठरलेला असला की ‘आज नको, उद्या बघू’ म्हणणं सोपं जातं. शिवाय काकांनी फुकट केलेलं काम नाक्यावरच्या तरुण मिस्त्रीच्या पोटावर येतं, हेही विसरून चालणार नाही. वयामुळे त्यांना वेळ जास्त लागत असेल, तर मजुरी तासावर न मोजता कामावर ठरवावी.

काका स्वतःच ‘राहू द्या हो’ म्हणतात, हे खरं. काम झाल्यावर खिशात नोट कोंबण्यापेक्षा आधीच विचारावं, ‘काका, बाहेर याचे किती घेतात? तेवढे घेणार असाल तरच बोलावतो.’ तरीही नाहीच म्हणाले, तर खरी परतफेड करावी: त्यांचा हयातीचा दाखला मोबाइलवर भरून देणं, दवाखान्यात सोबत जाणं. दिवाळीचा फराळ त्यात धरू नये, तो एरवीही जातोच. सामानाचे पैसे मात्र आधीच हातात द्यावेत, आणि स्टुलावर चढायची वेळ आली तर घरातल्या तरुणाने चढावं. काकांनी खालून सांगावं. तेव्हाही मजुरी पूर्णच.