जानुसंधिग्रह : स्नेहनापूर्वी आणि स्नेहनानंतर

गुडघा आखडल्याची तक्रार घेऊन आलेला रुग्ण बहुधा तेलाचीच अपेक्षा करतो, आणि आपणही लगेच जानुबस्तीचा विचार करू लागतो. परंतु ग्रह साम की निराम, याचा निर्णय झाल्याशिवाय तेल हाती घेऊ नये, असे आमचे मत आहे. सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकतो, इतर सांधेही सुजतात, अरुची व अंगगौरव आहे, अशा वेळी आमवाताचा विचार करून लंघन, दीपन-पाचन व वालुकास्वेद यांनीच प्रारंभ करावा. संधिगत वातात हा ताठरपणा साधारणतः अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. तेथे स्नेहन-स्वेदनास पूर्ण वाव आहे. ज्वरासह एकच गुडघा लाल, उष्ण व स्पर्शासहत्व असलेला असेल, तर मर्दन वा शेक न करता रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

चरकांनी चिकित्सास्थानाच्या २८व्या अध्यायात संधिगत वाताचे वर्णन करताना प्रसारण व आकुंचन या दोन्ही क्रियांतील वेदना सांगितली आहे. व्यवहारात मात्र आपण आकुंचनच पाहतो, कारण रुग्णाचा प्रश्न ‘मांडी घालून बसता येईल का?’ एवढाच असतो. चालण्यास मोठी बाधा येते ती प्रसारण अपुरे राहिल्याने. गुडघा १०-१५ अंश वाकलेलाच राहिला, तर नुसते उभे राहतानाही मांडीच्या पुढील स्नायूंना सतत राबावे लागते. रुग्णास उताणे निजवून, पाय सरळ करावयास सांगून, गुडघ्यामागे किती बोटे शिरतात ते प्रत्येक भेटीत नोंदवावे. गुडघ्याखाली उशी घेऊन निजण्याची सवय हा दोष वाढविते. ही उशी बहुधा घरचीच माणसे मायेने ठेवतात, तेव्हा त्यांनाही समजावणे आले.

जानुबस्तीचा विधी वाचकांस परिचितच आहे. तेल काढून, पाय पुसून रुग्णास घरी पाठविणे मात्र आम्हास पटत नाही. उष्णतेने सांध्याभोवती शैथिल्य आलेले असते तोच हालचालीचा काळ. टाच गादीवरून नितंबाकडे सावकाश सरकवावी. मग घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबावा, ५ अंक मोजेपर्यंत धरावा. प्रत्येकी १० आवर्तने पुरेत. चिकित्सकाने जोर लावून गुडघा वाकवू नये. दुसऱ्या दिवशीही वेदना वाढलेलीच राहिली, तर आवर्तने निम्मी करावीत.

झिजलेली कूर्चा तेलाने भरून येते, असे आश्वासन कोणास देऊ नये. गुडघा मध्येच अडकून बसत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांचे मत घेऊनच पुढील उपक्रम ठरवावा.