मजूर पक्षातील जहाल आणि ब्रिटनचा मतदार

पक्षाचे सभासद आणि पक्षाला मते देणारे नागरिक हे दोन निराळे समुदाय आहेत, ही गोष्ट राजकीय पक्षांना कळते, पण बहुधा पराभवानंतर कळते. सभासद वर्गणी भरतो, थंडीवाऱ्यात सभेला जातो, ठराव मांडतो आणि तो संमत होईपर्यंत खुर्ची सोडीत नाही. मतदार चार-पाच वर्षांतून एकदा मतपेटीपाशी येतो. त्याला चिंता असते ती घराची, नोकरीची, करांची आणि देशाच्या संरक्षणाची. सभागृहात अखेरपर्यंत बसून राहणारा मनुष्य स्वभावतःच अधिक कट्टर असतो. पक्षाची सूत्रे त्याच्या हाती गेली म्हणजे काय घडते, याचा अभ्यास करण्यास ब्रिटनच्या मजूर पक्षाइतके बोधप्रद उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

हा तोच पक्ष, ज्याने १९४५ साली ॲटली यांच्या नेतृत्वाखाली ३९३ जागा जिंकल्या आणि ज्याच्या कारकीर्दीत हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा कायदा पार्लमेंटने संमत केला. परंतु १९७९ साली मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाने त्याचा पराभव केला, तेव्हा पक्षात दोन निदाने पुढे आली. मवाळांच्या मते पक्ष मतदारांपासून दूर गेला होता. जहालांच्या मते पक्षाने समाजवादाशी प्रतारणा केली होती, म्हणून तो हरला. टोनी बेन हे या दुसऱ्या मताचे अग्रणी. वक्तृत्वात आणि निष्ठेत त्यांची बरोबरी करणारे थोडेच होते, हे त्यांचे विरोधकही मान्य करीत.

जहालांनी आधी पक्षाची घटना हाती घेतली. पूर्वी पक्षनेता निवडण्याचा अधिकार केवळ पार्लमेंटमधील सभासदांना होता. १९८० साली मायकेल फूट यांची निवड याच रीतीने झाली. त्यांना १३९ आणि डेनिस हीली यांना १२९ मते पडली. पुढे जानेवारी १९८१ मध्ये वेंब्ले येथील खास अधिवेशनाने नवा नियम केला : कामगार संघटनांना ४० टक्के, मतदारसंघांतील शाखांना ३० टक्के आणि पार्लमेंटच्या सभासदांना उरलेले ३० टक्के मत. विद्यमान खासदारालाही प्रत्येक निवडणुकीपूर्वी शाखेकडून पुन्हा निवड करून घेणे सक्तीचे झाले. परिणामी खासदाराची नजर मतदारांवरून हटून शाखेच्या बैठकीकडे वळली. हा बदल वरकरणी लोकशाहीचा दिसतो आणि एका अर्थाने तो होताही. मात्र शाखेच्या बैठकीला येणारी मूठभर मंडळी म्हणजे मतदारसंघ नव्हे.

वेंब्लेच्या दुसऱ्याच दिवशी रॉय जेन्किन्स, शर्ली विल्यम्स, डेव्हिड ओवेन आणि विल्यम रॉजर्स या चार माजी मंत्र्यांनी वेगळी वाट धरल्याचे जाहीर केले व मार्चमध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन झाला. त्याच वर्षी उपनेतेपदाच्या निवडणुकीत हीली यांनी बेन यांच्यावर जी मात केली, तिच्यातील अंतर एक टक्काही नव्हते. मजूर पक्ष आपल्याच घरात लढत होता आणि देश ते भांडण दूरचित्रवाणीवर रोज पाहत होता.

१९८३ च्या जाहीरनाम्यात एकतर्फी अण्वस्त्रत्याग, युरोपीय आर्थिक समुदायातून माघार आणि उमरावांच्या सभागृहाचे विसर्जन ही कलमे होती. मजूर पक्षाचेच एक खासदार जेराल्ड कॉफमन यांनी त्या दस्तऐवजाला इतिहासातील सर्वांत लांबलचक आत्महत्येची चिठ्ठी असे म्हटले. आदल्याच वर्षी फॉकलंडचे युद्ध जिंकलेल्या देशापुढे निःशस्त्रीकरणाचा कार्यक्रम ठेवणे धाडसाचे होते खरे!

मतमोजणीचे आकडे मात्र बारकाईने पाहावे लागतात. मजूर पक्षाला २७.६ टक्के मते व २०९ जागा मिळाल्या. हुजूर पक्षाने ३९७ जागा जिंकल्या. पण त्याची मते वाढली नव्हती, १९७९ च्या मानाने ती सुमारे सात लाखांनी घटली होती. सोशल डेमोक्रॅट आणि लिबरल यांच्या युतीने २५.४ टक्के मते घेतली, तरी तिच्या पदरात पडल्या केवळ २३ जागा. म्हणजे मजूर पक्षापासून दुरावलेला मतदार थॅचरबाईंकडे गेलाच असे नाही. जहालांच्या भीतीने विरोधी मत दुभंगले, आणि ज्या देशात मतदारसंघात सर्वाधिक मते पडलेला एकच उमेदवार निवडून येतो, तेथे दुभंगलेले मत म्हणजे प्रतिपक्षाला आंदण दिलेल्या जागा. बेन स्वतः ब्रिस्टलमध्ये पडले. तरीही त्यांनी असे प्रतिपादन केले की, पंच्याऐंशी लाखांच्या आसपास लोकांनी समाजवादी कार्यक्रमाला मत दिले, हे मोठेच यश आहे. सभागृहातील मनुष्य मतपेटीकडे कसा पाहतो, हे या एका विधानावरून कळते.

त्यानंतरची दुरुस्ती दीर्घ आणि कष्टाची होती. १९८५ साली बोर्नमथच्या अधिवेशनात नील किनॉक यांनी लिव्हरपूलच्या नगरपालिकेतील ‘मिलिटंट’ गटावर व्यासपीठावरून उघड हल्ला चढविला. १९९५ साली टोनी ब्लेअर यांनी उत्पादनसाधनांच्या सामाजिक मालकीचे चौथे कलम बदलून घेतले आणि १९९७ साली पक्षाला ४१८ जागा मिळाल्या. म्हणजे १९७९ पासून सत्तेत परतण्यास अठरा वर्षे लागली.

तथापि जहालपणा आला की मते गेली, असे सरळ गणित मांडता येत नाही. २०१५ साली जेरेमी कॉर्बिन सभासदांच्या व तीन पौंड भरून नोंदणी केलेल्या समर्थकांच्या बळावर नेते झाले. पुढच्याच वर्षी पक्षाच्या खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी त्यांच्यावर अविश्वास दर्शविला, तरी सभासदांनी त्यांनाच पुन्हा निवडले. २०१७ साली त्यांच्या पक्षाला ४० टक्के मते मिळाली. तरुण मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडले. २०१९ साली हाच नेता २०२ जागांवर आला. १९३५ नंतरची ही नीचांकी संख्या होती. ब्रेक्झिटच्या प्रश्नाने उत्तर इंग्लंडमधील कामगारवस्त्यांचे मतदारसंघ मजूर पक्षापासून तुटले, हे त्यामागचे दुसरे मोठे कारण.

कीअर स्टार्मर यांनी २०२४ साली ४११ जागा जिंकल्या, त्या अवघ्या ३३.७ टक्के मतांवर. कॉर्बिन यांच्या २०१७ च्या मतांहून ती कितीतरी कमी. या वेळी दुभंगले होते ते उजव्या बाजूचे मत : हुजूर पक्षाला २३.७ आणि रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के. त्याच निवडणुकीत, पक्षाबाहेर पडलेले कॉर्बिन इस्लिंग्टन नॉर्थ या आपल्या जुन्या मतदारसंघातून अपक्ष म्हणून उभे राहिले आणि मजूर पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला सात हजारांहून अधिक मतांनी हरवून निवडून आले.